उघड्या नोंदीतलं नाव

१८ नोव्हेंबर २०२४, सोमवार

आजपासून लॅबमध्ये परत जायला लागले. सकाळी सातला पोचले, तीनला सुटले. नमुने बरेच होते. कोणी फार विचारलं नाही, ते बरं झालं. येताना बाजारातून सासूबाईंसाठी पपई घेतली. त्यांनी दोन फोडी खाल्ल्या. उरलेली झाकून ठेवली.

संध्याकाळी राजेश भावोजी आले. स्वप्नीलचे चुलतभाऊ, त्याच्याहून लहान. आम्हाला मूलबाळ नाही, म्हणून गेल्या महिन्यात अग्नी त्यांनीच दिला. पुढचं दहावं-बारावंही त्यांनीच बघितलं. अजून रोज येतात, सासूबाईंजवळ बसतात, चहा घेतात. आज बँक, गॅस, सोसायटी असं कुठे कुठे नाव बदलावं लागेल ते सांगत होते. मी हो म्हणत होते.

स्वप्नीलचा फोन मी बंद केलेला नाही. गिऱ्हाइकांचे फोन येतात. नेट गेलंय, माणूस पाठवा. मी कंपनीतल्या ओनीलचा नंबर देते. काहींना अजून माहीत नाही. मी सांगत नाही.

२७ नोव्हेंबर, बुधवार

ओनील घरी आला होता. माहीमचा मुलगा. मुलगा म्हणायचं, पण चाळिशीचा आहे. स्वप्नीलने कंपनी काढली तेव्हापासून त्याच्याबरोबर. गिरगावात एका वाडीच्या गच्चीवर काम चालू असताना स्वप्नील छातीला हात लावून खाली बसला, तेव्हा ओनीलच बरोबर होता. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

कंपनीला आलेली एक ईमेल घेऊन आला होता. मला समजलं ते असं. आमची कंपनी लालबाग, परळ आणि गिरगावच्या वाड्यांत घरोघरी इंटरनेट देते. त्यासाठी कंपनीला स्वतःचे आकडी पत्ते मिळालेले असतात. ओनील म्हणाला, बिल्डरला जशी जमीन तसे आपल्याला हे पत्ते, ते गेले तर बाकीचं सगळं वायरचं भंगार. हे पत्ते कोणाचे, याची एक उघडी नोंद असते. जगात कुठूनही कोणीही बघू शकतो. त्यात कंपनीचं नाव, ऑफिसचा पत्ता, जबाबदार माणसाचं नाव आणि फोन असतो. आता ती नोंद ठेवणारी संस्था म्हणते आहे की कंपनीचा सरकारी नोंदणी क्रमांकही तिथे घाला. सारख्या नावाच्या कंपन्या फार झाल्या आहेत आणि नुसत्या नावावरून काही कळत नाही.

हे मला लगेच पटलं. लॅबमध्ये आम्हाला पहिला धडा हाच असतो. परवा एकाच दिवशी दोन सुनंदा पाटील आल्या होत्या, वयही जवळपास सारखं. नावावर जायचं नाही, नळीवरचा नंबर बघायचा.

आणि आमचं नाव तर पावणाई नेटवर्क्स. पावणाई आमच्या गावची देवी. गावचे जे कोणी मुंबईत धंदा करतात ते तिचंच नाव देतात. भावोजींचं पावणाई डेकोरेटर्स आहे, दुसऱ्या एकाचं केटरिंग, तिसऱ्याच्या गाड्या. कोणी कोणाला विचारत नाही आणि कोणाला राग येत नाही. ओनील म्हणाला, “तुमच्यात मांडव घालायचा, जेवण घालायचं, हनिमूनला न्यायचं, सगळं एकाच देवीच्या खात्यावर.” स्वप्नील असताना तो हे नेहमी म्हणायचा. आज मी थोडी हसले.

नंबर घालायला पाच मिनिटं लागतात म्हणाला. पण त्याआधी जबाबदार माणूस बदलायला हवा. स्वप्नीलच्या जागी माझं नाव. कंपनी काढताना दोन डायरेक्टर लागतात म्हणून स्वप्नीलने मला केलं होतं. सही करण्यापलीकडे मी कधी काही केलेलं नाही.

जाताना त्याने माझ्या मोबाइलवर ती नोंद कशी उघडायची ते दाखवलं. जबाबदार व्यक्ती: स्वप्नील घाडी. खाली त्याचा फोन.

९ डिसेंबर, सोमवार

सोसायटीच्या जिन्यातल्या बोर्डावर नवीन रंग दिला. आमच्या खोलीपुढे आता सुचित्रा घाडी आहे. बँकेचं झालं. गॅसचंही झालं. रेशनकार्डावर त्याच्या नावावर रेघ मारून शिक्का मारला.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत ती नोंद उघडून बघितली. आहे तशी आहे.

२२ डिसेंबर, रविवार

त्या संस्थेची आठवण करून देणारी दुसरी ईमेल आली. ओनीलने मला आणि भावोजींना घेऊन दादरला आकांक्षा मॅडमकडे नेलं. त्या कंपनीचे हिशेब बघतात. त्यांनी नीट समजावलं. माझ्या बरोबरीने आणखी एक डायरेक्टर घ्यायचा, मग नोंदीतली जबाबदार व्यक्ती बदलायची, मग नंबर घालायचा. भावोजींनी बरेच प्रश्न विचारले. मी विचारले नाहीत. मॅडम म्हणाल्या, लवकर करा, उघड्यावर राहू नका.

करायचं आहे. लॅबमध्ये वर्षअखेरीची मोजणी चालू आहे. सासूबाईंचा गुडघाही दुखतोय. मोजणी संपली की बघू.

ओनील परतीला म्हणाला, वहिनी, एक नाव काढून दुसरं घालायचंय, बस. मी म्हटलं, हो.

८ जानेवारी २०२५, बुधवार

लॅबमधून आले तर भावोजी आधीच आले होते. सासूबाईंनी त्यांना घावणे करून घातले होते. बऱ्याच दिवसांनी त्यांनी तवा ठेवला.

भावोजींनी स्वप्नीलचा ऑफिसमधला लॅपटॉप आणला होता. म्हणाले, त्या नंबराचं मी करून टाकतो, तुम्हाला किती त्रास. मी म्हटलं, आधी नाव बदलायला लागतं ना. त्यांनी लॅपटॉपचं झाकण अर्धं मिटलं. मग म्हणाले, “वहिनी, दादाचं नाव तुमच्याच्याने काढवत नाही, मला कळतं. नका काढू. नाव राहू दे तसंच. मी नुसता नंबर घालतो.”

मला वाटलं नव्हतं की हे कोणाला कळलं असेल. मी स्वयंपाकघरात गेले आणि पाणी प्यायले.

स्वप्नीलच्या फोनवर ओटीपी आला. मी वाचून दाखवला. त्यांनी घातला. दुसराही एक आला, तोही दिला. काम पाच मिनिटांत झालं, ओनील म्हणाला होता तसंच. सासूबाई म्हणाल्या, “माजो झील गेलो, पण घराक माणूस आसा.” भावोजी त्यांच्या पाया पडून गेले.

९ जानेवारी, गुरुवार

सुट्टीत नोंद बघितली. खाली एक लांबलचक नंबर आला आहे. वर स्वप्नीलचं नाव तसंच आहे. भावोजींनी शब्द पाळला. कंपनीच्या नावात सोल्युशन्स असा शब्द वाढला आहे. हल्ली सगळेच लावतात.

ओनीलला फोन करून नंबर घातल्याचं सांगणार होते. तो गावदेवीला कामावर होता, लागला नाही. मग राहून गेलं.

२ फेब्रुवारी, रविवार

ओनील सकाळी आला. बसला नाही. वाड्यांत गिऱ्हाइकांना या महिन्याची बिलं गेली, त्यावर पावणाई नेटवर्क सोल्युशन्स असं नाव होतं. ऑफिसवर नवीन पाटी लागली आहे. ज्या मोठ्या कंपनीकडून आम्हाला नेट येतं तिचा माणूस त्याला म्हणाला की करार आता नव्या कंपनीशी झाला, नोंदीत तिचाच नंबर आहे.

त्याने मला विचारलं, “वहिनी, ओटीपी कोणाला दिला काय?”

मी सांगितलं.

तो खुर्चीवर बसला. मग त्याने मोबाइलवर नंबर काढून दाखवला. आमच्या कंपनीचा नंबर वेगळा आहे. नोंदीतला नंबर आहे तो डिसेंबरात काढलेल्या एका कंपनीचा. डायरेक्टर राजेश घाडी आणि त्यांची बायको प्रिती. मी दोन्ही नंबर एकाखाली एक धरून एक एक आकडा लावून बघितला. लॅबमध्ये बघतो तसा. शेवटपर्यंत कुठेच जुळत नव्हता.

ओनील म्हणाला, “आपली कंपनी हाय. फक्त तिच्याकडं आता कायच नाय. आपण आपल्याच घरात भाडोत्री.” तोही आता भावोजींकडे पगारावर आहे. तसं ते त्याला कालच बोलले, काळजी करू नको, तुला काढणार नाही. त्याने ते सांगताना माझ्याकडे बघितलं नाही.

तो गेल्यावर सासूबाईंनी विचारलं, काय म्हणत होता. मी म्हटलं, बिलांचं काहीतरी.

५ फेब्रुवारी, बुधवार

भावोजींना विचारायचं ठरवून सुट्टी घेतली. ते संध्याकाळी आले. येताना सासूबाईंच्या गुडघ्यासाठी पट्टा आणला होता. त्यांनी तो स्वतः बसून बांधला. तेवढा वेळ मी उभी होते.

मी एवढंच म्हटलं की नोंदीतला नंबर आपला नाही असं ओनील म्हणतो.

ते चिडले नाहीत. मला वाटलं होतं चिडतील. म्हणाले, आपला म्हणजे काय वहिनी, देवीचं नाव आहे, त्यावर कोणाची मालकी असते का. दोन डायरेक्टर, कागद, सह्या, तुम्ही लॅब सांभाळून कधी करणार होतात. संस्थेने पत्ते काढून घेतले असते तर दादाची एवढ्या वर्षांची मेहनत गेली असती. मी ती घरात ठेवली. तुम्हाला काही कमी पडू देणार नाही. मग आवाज खाली करून म्हणाले, “उद्या तुम्ही माहेरी गेलात, नाहीतर आणखी काही ठरवलंत, तुमचं वय आहे. मग हे बाहेर जायचं का?”

मी कुठे जाणार आहे, असं मला म्हणायचं होतं. तेवढ्यात सासूबाई बोलल्या.

“तेना आगीन दिल्यान. तेका असा इचारूचा नाय.”

मग मी चहा ठेवला. साखर कमी पडली होती. भावोजी म्हणाले, चांगला झालाय.

११ फेब्रुवारी, मंगळवार

लॅबमधून सुटल्यावर एकटीच दादरला आकांक्षा मॅडमकडे गेले. त्यांनी ऐकून घेतलं आणि चष्मा काढून डोळे चोळले. डिसेंबरात भावोजींनी विचारलेले प्रश्न त्यांना आठवत होते. “मला वाटलं तुमच्यासाठी विचारतायत,” म्हणाल्या.

कोर्टात जाता येईल. वेळ लागेल, पण जाता येईल. कोणाविरुद्ध ते लिहून द्यावं लागेल. मी म्हटलं, विचार करते. त्या म्हणाल्या, निदान नोंद ठेवणाऱ्या संस्थेला तरी आज लिहा. त्यांनीच मजकूर करून दिला. पाठवायचा मात्र नोंदीतल्या जबाबदार व्यक्तीच्या ईमेलवरून, म्हणजे स्वप्नीलच्या. फोन माझ्या पर्समध्येच होता. तिथेच बसून पाठवला. वर त्याचं नाव आलं, खाली मी माझं लिहिलं.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

उत्तर आलं. सभ्य भाषेत आहे. दोनदा वाचलं.

८ जानेवारीचा बदल नोंदीतील जबाबदार व्यक्ती श्री. स्वप्नील घाडी यांनी स्वतः मंजूर केलेला असून नियमानुसार आहे, असं त्यांनी लिहिलं आहे. वेळही दिली आहे, संध्याकाळची. त्यावेळी ते हयात नसल्यास मृत्यूचा दाखला पाठवावा. मग मयत व्यक्तीचं नाव नोंदीतून काढलं जाईल, वाद मिटेपर्यंत पत्ते थांबवले जातील, आणि मयताच्या नावाने मंजुरी कोणी दिली याची चौकशी होईल.

मंजुरी मी दिली.

ओनीलला परळला चहाच्या टपरीवर भेटले. थांबवले म्हणजे काय, ते विचारलं. तो म्हणाला, वरची कंपनी घाबरून लाइन बंद करणार. सगळ्या वाड्या बंद. पोरांच्या परीक्षा आहेत, लोक घरून कामं करतात. दोन दिवसांत दुसरा नेटवाला येऊन वायर टाकून जाईल. मग तुम्ही जिंकलात तरी गिऱ्हाईक कोण राहणार. नंतर म्हणाला, तरी दाखला पाठवा. सर असते तर पाठवला असता. लगेच म्हणाला, नाय म्हणजे, तुमची मर्जी. माझं काय ऐकू नका, माझी नोकरी पण त्यातच हाय.

चहाचे पैसे त्याने दिले.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

दाखल्याची प्रत काढून आणली. फोटो नीट येत नव्हता, पुन्हा काढला. ईमेल लिहून ठेवली आहे. उद्या पाठवते.

४ मार्च, मंगळवार

या आठवड्यात लॅबमध्ये एक बाई रजेवर आहे. तिचंही काम माझ्याकडे. सासूबाईंना भावोजी गावाला नेणार आहेत, देवीच्या जत्रेला. त्यांचे कपडे, औषधं बघायची आहेत. त्या गेल्या की निवांत बसून पाठवते. घरात त्या असताना नको.

नोंद उघडून बघितली. नाव आहे.

११ मार्च, मंगळवार

सासूबाई पहाटे गेल्या. भावोजींनी गाडी केली होती. मलाही चला म्हणाले, वर्ष व्हायचंय म्हणून मी नको म्हटलं. देवीसमोर दादाच्या नावाने गाऱ्हाणं घालतो म्हणाले. ओटीचं सामान प्रिती जाऊबाईंनी घेतलं होतं. जिन्यातून उतरताना सासूबाईंनी त्यांचा दंड धरला होता.

संध्याकाळी ईमेल उघडली. एका ओळीत ‘मयत’ शब्द होता तो काढून ‘दिवंगत’ केला. मग पुन्हा वाचली. उद्या आकांक्षा मॅडमना एकदा दाखवावी असं वाटलं.

१६ मार्च, रविवार

सुट्टी होती. सकाळी कपडे धुतले. अकराच्या सुमारास गावाहून भावोजींचा फोन आला. मागे ढोल वाजत होते. त्यांनी फोन आधी सासूबाईंना दिला. त्या म्हणाल्या, देवीचं दर्शन चांगलं झालं, गुडघा बरा आहे, तू जेव.

मग भावोजी बोलले. काल गाऱ्हाणं घातलं. स्वप्नीलचं नाव घेऊन गुरव बराच वेळ देवीशी बोलला. नंतर भावोजींना म्हणाला, गेलेल्या माणसाचं नाव कुठे अडकवून ठेवू नये, त्याला पुढे जायला मिळत नाही. “तेव्हा माझ्या लक्षात आलं वहिनी. मी तिथूनच ओनीलला फोन लावला. सकाळी तुमच्याकडे त्यासाठीच आला होता तो.”

ओनील सकाळी आला होता हे खरं. नऊ वाजता. वायरचा हिशेब लागत नाही, सरांचा फोन जरा द्या म्हणाला. मी दिला. दारातच उभा राहून त्याने काहीतरी केलं आणि परत दिला. पोहे खाऊन जा म्हटलं तर नको म्हणाला. जिन्यात थोडा थांबला होता.

भावोजींना मी बरं म्हटलं. ते म्हणाले, दादा सुटला. मी पुन्हा बरं म्हटलं.

नोंद उघडली. जबाबदार व्यक्ती: राजेश घाडी. फोन त्यांचा, ईमेल त्यांची. नंबर तोच. सर्वात खाली, शेवटचा बदल आजच्या तारखेचा. स्वप्नीलचं नाव सगळीकडे शोधलं. पान वर-खाली करून बघितलं. पत्त्याच्या ओळीतसुद्धा बघितलं.

लिहून ठेवलेली ईमेल स्वप्नीलच्या पत्त्यावरून पाठवली. दाखला जोडला. काही मिनिटांतच आपोआप येणारं उत्तर आलं. हा पत्ता कोणत्याही नोंदीशी जोडलेला नाही, कृपया नोंदीतील जबाबदार व्यक्तीमार्फत संपर्क साधावा.

ओनीलला फोन केला नाही. त्याला दोन मुलं आहेत.

दुपारी वरण-भात केला. थोडा खाल्ला. नंतर बाजारात जाऊन सुका जवळा घेऊन आले आणि गॅलरीत सुपात पसरून निवडायला बसले. त्यात बारीक खडे असतात, शिंपल्यांचे तुकडे असतात, कधी दोऱ्याचा धागा. ते सगळं बोटाने वेगळं करून कागदावर ठेवत गेले. अर्धा झाला तेव्हा ऊन गेलं. सूप आत आणलं, दिवा लावला आणि उरलेला निवडला.